पीएसआयच्या मुलाखतीची तयारी: अर्जापासून ठाण्याच्या टेबलापर्यंत

पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, या पदाची मैदानी चाचणी पार पडली आणि मुलाखतीच्या यादीत नाव आलं की बहुतेक उमेदवार पुन्हा तीच पुस्तकं उघडून बसतात. राज्यघटनेची कलमं, नद्यांची खोरी, वर्षभराच्या चालू घडामोडी. तुमचं वाचन मुख्य परीक्षेने तपासून झालेलं आहे. मुलाखतीत टेबलापलीकडची माणसं वेगळं काहीतरी चाचपून पाहत असतात: उद्या याला एखाद्या ठाण्यात रात्रपाळीला बसवलं आणि दारात घाबरलेलं माणूस उभं राहिलं, तर हा त्याच्याशी कसा वागेल, काय लिहील, कुणाला फोन करेल? पुढची सगळी तयारी या प्रश्नाभोवती लावायची आहे.

आधी पद कोणतं ते पाहा

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीला मुलाखत नसते. ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी, या गुणांवर यादी लागते. त्यामुळे "शिपायाच्या मुलाखतीत सेटिंग करून देतो" असं कुणी म्हणालं तर तो माणूस नसलेली वस्तू विकतोय हे पक्कं समजा. पैसे मागणारा सरकारी नोकर असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

गावपातळीवर पोलीस पाटलाच्या भरतीत मात्र तोंडी परीक्षा असते. ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी, ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे होते. तिथे १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, गावातल्या वाड्या-वस्त्या, तंटामुक्ती समिती, आणि गावात अनोळखी मृतदेह सापडला तर पहिलं काय करणार, एवढ्याची नीट तयारी हवी. खाली प्रसंगांबद्दल जे लिहिलंय ते पोलीस पाटलाच्या उमेदवारांनाही उपयोगी पडेल.

हा लेख मुख्यतः एमपीएससीच्या पोलीस उपनिरीक्षक पदासाठी आहे. तिथे मुलाखत ४० गुणांची. ऐकायला कमी वाटते, पण अलीकडच्या पद्धतीत शारीरिक चाचणी पात्रतेपुरती धरली जाते आणि अंतिम यादी मुख्य परीक्षा व मुलाखत यांच्या गुणांवर लागते. कट-ऑफच्या आसपास एकेका गुणावर मुलं अडकलेली असतात. तिथे या ४० गुणांतला फरक निवड ठरवतो. तुमच्या वर्षाच्या जाहिरातीत निवडीची पद्धत काय दिली आहे, ती मूळ पीडीएफमध्ये स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

स्वतःचा अर्ज समोर ठेवून बसा

पॅनेलपुढे तुमची माहिती असते: नाव, जन्मगाव, शाळा-कॉलेज, पदवीचा विषय, छंद, आधीची नोकरी. पहिले काही प्रश्न बहुधा तिथूनच उगवतात, कारण समोरच्याला बोलतं करायचा तो सोपा मार्ग आहे. म्हणून एक वही घ्या, अर्जातली एकेक नोंद पानाच्या डोक्यावर लिहा आणि तिच्याखाली निघू शकणारे प्रश्न काढा.

पदवीचा विषय हे सर्वांत दुर्लक्षित पान. बीएस्सी ॲग्री केलेल्या मुलाला सोयाबीनवरची कीड विचारली आणि तो गप्प बसला, तर पुढच्या सगळ्या उत्तरांवर त्याची सावली पडते. मेकॅनिकलवाल्याला डिझेल आणि पेट्रोल इंजिनातला फरक सांगता यायलाच हवा. आणि त्याला लागून येणारा प्रश्न ठरलेला: "इंजिनियर झालात, मग पोलिसात कशाला?" याला "समाजसेवा करायची आहे" हे उत्तर देऊ नका. ते पॅनेलने सकाळपासून ऐकलेलं असतं. खरं कारण सांगा. घरात कुणी हवालदार होतं, गावात चोरीचा तपास कसा झाला ते जवळून पाहिलं, वर्दीचं आकर्षण होतं, नोकरीची शाश्वती हवी होती. यातलं जे खरं असेल ते. वर्दीचं आकर्षण वाटणं हा गुन्हा नाही. त्या आकर्षणापुढे तुम्ही काय पाहिलंत, कामाचे तास, बंदोबस्त, सणाला घरी नसणं, हे तुम्हाला ठाऊक आहे का, ते मात्र दिसलं पाहिजे.

छंदाच्या रकान्यात "वाचन" लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं आणि त्यात काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. "ट्रेकिंग" लिहिलं असेल तर कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे हे माहीत हवंच, पण वर जाताना लोखंडी शिड्या लागतात हेही माहीत हवं, कारण जो खरंच गेलाय त्याला ते आठवतं. जे करत नाही ते लिहिलं गेलं असेल तर आजपासून करायला लागा. मुलाखतीला अजून वेळ आहे.

पदवीनंतरची रिकामी वर्षंही विचारली जातात. चार-पाच वर्षं अभ्यासिकेत गेली असतील तर तसं सांगा, आणि त्या काळात घर कसं चाललं, काय काम केलं, हेही सांगा. शेतात राबलेला, कुरिअरची डिलिव्हरी केलेला, लहान मुलांच्या शिकवण्या घेतलेला उमेदवार ते लपवतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं तेच तर सगळ्यात जास्त असतं.

तुमचा तालुका, तुमचं ठाणं

जिल्ह्याची माहिती सगळेच वाचतात: क्षेत्रफळ, तालुके, नद्या, देवस्थानं. ती हवीच. पण पोलीस अधिकारी होणाऱ्याने तोच जिल्हा कायदा-सुव्यवस्थेच्या नजरेने पाहिला पाहिजे. पंढरपूरच्या उमेदवाराला आषाढीच्या बंदोबस्ताबद्दल विचारतील: गर्दीचा ताण कुठे येतो, चंद्रभागेच्या वाळवंटात काय धोका असतो, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांची सोय कशी लावतात. नाशिकवाल्याला सिंहस्थ. गडचिरोलीवाल्याला सी-६० हे नक्षलविरोधी पथक आणि नक्षलवाद्यांच्या आत्मसमर्पणाचं धोरण. रायगडच्या किनाऱ्यावरच्या उमेदवाराला १९९३ मध्ये शेखाडीला उतरवलेलं आरडीएक्स आणि सागरी सुरक्षा. ऊस पट्ट्यातल्याला तोडणी मजुरांच्या टोळ्या आणि उचलीवरून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेवरून, होणारे वाद. तुमच्या भागात जास्त कशाची तक्रार होते, वाळूची, बांधावरच्या भांडणांची, दुचाकी चोरीची की ऑनलाइन फसवणुकीची, याचं उत्तर पाठांतराने येत नाही.

त्यासाठी एक दिवस आपल्या ठाण्यात जा. दुपारची, त्यातल्या त्यात निवांत वेळ बघा. ठाणे अंमलदारांना नमस्कार करून खरं सांगा: "साहेब, पीएसआयच्या मुलाखतीची तयारी करतोय, कामकाज समजून घ्यायचंय." बहुतेक ठिकाणी कुणीतरी दहा मिनिटं देतंच. स्टेशन डायरीत नोंद कशी होते, दखलपात्र गुन्हा आणि अदखलपात्र, म्हणजे एन.सी., यांच्या नोंदीत फरक काय, मुद्देमाल कुठे ठेवतात, बीट म्हणजे काय आणि बीट अंमलदाराकडे किती गावं असतात, हे विचारा. भिंतीवरचे फलक वाचा. आणि तिथे थोडा वेळ नुसतं बसा. तक्रार घेऊन आलेली माणसं कशी बसलेली असतात, कुणाला आधी बोलावलं जातं, कोण कोपऱ्यात उभं राहून वाट बघतं, हे पाहा. "पोलीस ठाण्याबद्दल सामान्य माणसाच्या मनात भीती का आहे?" हा प्रश्न विचारला जातो, आणि तो बाकावर बसलेल्या माणसाचं उत्तर तुमच्या तोंडातून आलं तर ते वेगळं ऐकू येतं.

कायदा: कलम आणि त्यामागचं कारण

१ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. मुलाखतीला जाताना जुनी आणि नवी दोन्ही कलमं तोंडात असावीत, कारण पॅनेलवरच्या अनुभवी अधिकाऱ्याने सगळी नोकरी जुन्या आकड्यांवर काढलेली असते. खून ३०२ होता, आता १०३. फसवणूक ४२० होती, आता ३१८. नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ ४९८-अ होता, आता ८५. जमावबंदी १४४ होती, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. एफआयआर १५४ होता, आता १७३. हिसकावून नेणं, म्हणजे स्नॅचिंग, आधी वेगळा गुन्हा नव्हता. आता न्याय संहितेच्या ३०४ मध्ये आहे. संघटित गुन्हेगारी १११ मध्ये आली. किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली.

एवढं पाठ झालं की थांबू नका. प्रत्येक तरतुदीला "का?" विचारा. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, का आला? कारण हद्दीच्या नावाखाली माणूस एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हेलपाटे घालत होता. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५, का आलं? कारण पंच फितूर होतात आणि पंचनामा कोर्टात टिकत नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद, कलम १७६(३), का? कारण तपास कबुलीवर उभा राहत होता, आणि पोलिसापुढची कबुली पुराव्यात चालत नाही. ई-एफआयआर दिला तर तीन दिवसांत सही का करायची? हे "का" सांगता आलं की कलमाचा आकडा क्षणभर विसरला तरी उत्तर पडत नाही.

अटकेचा भाग मात्र आकड्यांसकट पक्का करा, कारण अधिकारी म्हणून तुमची पहिली चूक बहुधा तिथेच होईल. अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं. यातली कारणं सांगणं आणि चोवीस तासांची मर्यादा राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे, बाकीचं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहे आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची वेळ आली तर काय लागतं? तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी ओलांडलेल्या किंवा आजारी माणसाला अटक करण्याआधी कुणाची परवानगी लागते? त्याच संहितेची कलम ३५ आणि ४३ पुन्हा पुन्हा वाचा.

त्याशिवाय पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०१२, ॲट्रॉसिटी १९८९, बाल न्याय कायदा २०१५, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आणि त्यातली तडीपारी, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) १९९९, एमपीडीए (धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा कायदा) १९८१, जादूटोणाविरोधी कायदा २०१३. यांचा हेतू, कुणाला लागू होतो आणि तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करतो, एवढं पुरे.

प्रसंगाचे प्रश्न

मुलाखतीचा जीव इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या. एक प्रसंग पूर्ण उलगडून दाखवतो.

रात्रीचे साडेदहा. आई-वडील आलेत, सोळा वर्षांची मुलगी क्लासहून परतली नाही. वडील म्हणतात, "साहेब, लिहून नका घेऊ, बदनामी होईल, नुसतं शोधून द्या." तुम्ही पीएसआय, रात्रपाळीवर. काय कराल?

घाईचा उमेदवार म्हणतो, "मिसिंग दाखल करून तपास सुरू करेन." इथेच तो अडकतो. मुलगी अठराच्या आतली आहे. त्यामुळे नुसती हरवल्याची नोंद पुरत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, न्याय संहितेचं कलम १३७(२). मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली असली तरी अल्पवयीनाची संमती इथे मोजली जात नाही, आणि हा पुढचा प्रश्न हमखास येतो.

चांगलं उत्तर माणसांपासून सुरू होतं. दोघांना बसवीन, पाणी देईन, महिला अंमलदार असेल तर आईशी तिला बोलायला सांगेन. वडिलांना समजावीन की गुन्हा नोंदवला तरच इतर ठाण्यांना, रेल्वे पोलिसांना आणि नियंत्रण कक्षाला अधिकृतपणे कामाला लावता येतं, आणि मुलीचं नाव किंवा ओळख जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे. मग माहिती: अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाईल नंबर, शेवटचं कुणी पाहिलं, क्लास किती वाजता सुटला, मैत्रिणी कोण, घरात काही बोलणं झालं होतं का. हा शेवटचा प्रश्न आईला वेगळं घेऊन विचारायचा. एफआयआर होत असतानाच एक माणूस बसस्टँडला, एक स्टेशनला. वायरलेसवर वर्णन. मोबाईलचं लोकेशन काढायला पत्र. क्लास ते घर या रस्त्यावरचे सीसीटीव्ही, आत्ताच, कारण काही ठिकाणी फुटेज लवकर पुसलं जातं. वरिष्ठ निरीक्षकांना फोन. मुलगी सापडल्यावर वैद्यकीय तपासणी, जबाब, बालकल्याण समितीसमोर हजर करणं.

हे सगळं मुलाखतीत दोन मिनिटांत सांगायचं असतं, त्यामुळे क्रम पाठ नको, सवयीचा हवा. आधी जीव आणि सुरक्षितता, मग नोंद, मग पुरावा सुटू न देणं, मग वरिष्ठांना कळवणं, आणि सगळ्यात शेवटी कागद पूर्ण करणं. कुठलाही प्रसंग आला तरी याच क्रमाने मनात चालत जा. कुठे क्रम उलटा करावा लागतो तेही विचारात घ्या: दंगलीच्या प्रसंगात जादा कुमक मागण्यासाठी वरिष्ठांना फोन आधी जाईल.

आणखी काही प्रसंग वहीत उतरवून स्वतः सोडवा. विसर्जनाची मिरवणूक, रात्रीचे सव्वादहा, डीजे चालू, पुढे हजारभर पोरं नाचतायत आणि समोर प्रार्थनास्थळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा पहिला प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारायचा: आज सूट आहे का? नसेल तर गर्दीत घुसून प्लग काढणं हे उत्तर नव्हे. मंडळाचा अध्यक्ष बाजूला घ्या, मिरवणूक थांबू न देता पुढे सरकवा, आवाज मोजा, चित्रीकरण करा, गुन्हा दुसऱ्या दिवशीही दाखल होतो. त्या क्षणी चेंगराचेंगरी किंवा दोन गटांत तणाव होऊ न देणं हे मोठं काम.

निवृत्त शिक्षक येतात, व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून आणि "डिजिटल अटक" सांगून त्यांच्या खात्यातून आठ लाख गेलेत, दोन तास झालेत. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा. एफआयआर त्यानंतर लगेच. आणि डिजिटल अटक नावाचं काही कायद्यात नाही, हे त्या माणसाला शांतपणे सांगणं, कारण तो अजूनही घाबरलेला असतो.

ज्या प्रश्नांना कलम नाही

"आमदारांचा फोन आला, पकडलेल्या मुलाला सोडा म्हणाले. काय कराल?" इथे दोन टोकाची उत्तरं ऐकू येतात. एक जण म्हणतो, कुणाचंच ऐकणार नाही. दुसरा म्हणतो, वरिष्ठांना विचारेन. पहिल्यात ताठरपणा आहे आणि दुसऱ्यात पळवाट. लोकप्रतिनिधीला फोन करण्याचा हक्क आहे. त्याच्याकडे आपल्याला नसलेली माहिती असू शकते. ती ऐकून घ्यायची, आदराने बोलायचं. गुन्हा दखलपात्र असेल तर कायदेशीर प्रक्रिया सांगायची, जामीनपात्र असेल तर जामिनाचा मार्ग सांगायचा, आणि फोनची नोंद स्टेशन डायरीत घ्यायची. नंतर वरिष्ठांना कळवायचं, कारण त्यांनाही तोच फोन जाणार आहे.

लाचेबद्दल विचारतील, आणि उलटून विचारतील: "सगळेच घेतात, तुम्ही एकटे काय करणार?" इथे भाषण करू नका. मी घेणार नाही, माझ्या हाताखालच्यांना माझ्या नावावर घेऊ देणार नाही, इतकं बोलून थांबा. मग समोरचे दाबून पाहतील. उत्तर तेच ठेवा, आवाजही तोच ठेवा. या प्रश्नात ते तुमचा तोल बघतात.

कोठडीतल्या मारहाणीचा प्रश्न येतोच. "थर्ड डिग्रीशिवाय गुन्हेगार बोलतो का?" असं विचारून ते तुम्हाला होकाराकडे ढकलतील. मारहाणीतून आलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून उभी राहत नाही, खरा आरोपी सुटू शकतो आणि चुकीचा माणूस अडकू शकतो. कॉल रेकॉर्ड, बोटांचे ठसे, सीसीटीव्ही आणि कोठडीतल्या माणसाने दाखवलेल्या ठिकाणाहून जप्त केलेला मुद्देमाल, यावर केस टिकते. हे तुम्हाला मनापासून पटलेलं असेल तरच ते पटेल असं बोलता येतं. आधी स्वतःशी हा विषय मिटवून घ्या.

आणखी एक: "तुमच्या समाजाचा मोर्चा आहे, दगडफेक सुरू झाली, समोर तुमचा चुलतभाऊ आहे." याचं उत्तर सोपं वाटतं, देताना जीभ अडखळते. घरी मोठ्याने बोलून पाहा.

खात्याची माहिती

हा भाग आठवड्याभरात होतो. ब्रीदवाक्य 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आणि त्याचा अर्थ. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते पोलिसांना ध्वज मिळाला. शिपायापासून महासंचालकांपर्यंतची उतरंड आणि खांद्यावरची चिन्हं. आयुक्तालय आणि जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्या रचनेतला फरक, त्यातही आयुक्तांकडे दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार असतात हा मुद्दा. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ चं, मीरा-भाईंदर वसई-विरार २०२० चं. सीआयडी, एटीएस, फोर्स वन, एसआरपीएफ, लाचलुचपत, सायबर: कोण काय करतं. ११२ (आपत्कालीन मदत), १०९८ (बालकांसाठी), १९३० हे क्रमांक. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत काय शिकवलं जातं. आणि तुकाराम ओंबळे, जे सहायक फौजदार होते आणि ज्यांनी २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्याबद्दल विचारलं तर तारीख-पदक सांगून थांबू नका, हातात फक्त लाठी असताना त्या माणसाने काय केलं ते सांगा.

बोलण्याचा सराव

वाचून मुलाखत येत नाही. दोन-चार मित्रांचा गट करा, रोज एकाला मध्ये बसवा. शक्य असेल तर एखाद्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला, शिक्षकाला, वकिलाला समोर बसवा. मित्र फार मऊ प्रश्न विचारतात. मोबाईलवर चित्रीकरण करून बघा. "म्हणजे", "ॲक्च्युअली", "बेसिकली" किती वेळा आलं, उत्तर संपल्यावरही तुम्ही बोलत राहिलात का, पाय हलत होता का. मी सराव मुलाखती घेतो तेव्हा सर्वांत जास्त वेळा सांगावं लागतं ते हेच: प्रश्न पूर्ण होऊ द्या. अर्ध्यात उत्तर सुरू करणारा अधिकारी तक्रारदारालाही अर्ध्यात तोडेल, असं समोरच्याला वाटून जातं.

बोली लपवू नका. विदर्भाचा हेल किंवा खानदेशी ढंग असला म्हणून गुण जात नाहीत. पुटपुटण्याने जातात. उत्तर येत नसेल तर "सर, मला हे माहीत नाही" असं सरळ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे बघा. चेहरा पाडू नका. अंदाज सांगायचा असेल तर "माझा अंदाज आहे" म्हणून सांगा. पॅनेलने तुमचं मत खोडलं तर मुद्दा पटत असेल तेव्हा मान्य करा, पटत नसेल तेव्हा एकदा नम्रपणे कारण द्या आणि थांबा.

कागदपत्रं आणि तो दिवस

मूळ प्रमाणपत्रं आणि साक्षांकित प्रतींचे संच आधीच लावून ठेवा: दहावी-बारावी, पदवी, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र आणि लागू असेल तर वैधता, नॉन-क्रीमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, खेळाडू किंवा इतर आरक्षणाचे दाखले. नॉन-क्रीमीलेअरची मुदत आणि तारीख जाहिरातीतल्या अटीशी ताडून बघा, गोंधळ सर्वाधिक तिथेच होतो. नावातला एखादा ऱ्हस्व-दीर्घ किंवा वडिलांच्या नावाचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत असू द्या.

कपडे साधे. फिकट शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. मुलींनी साडी किंवा सलवार-कमीज, ज्यात सहज बसता-उठता येतं ते. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदल्या संध्याकाळीच शहरात पोहोचा, केंद्र बघून या. सकाळचं वर्तमानपत्र चाळा, त्यातही स्वतःच्या जिल्ह्याचं पान. आत जाताना परवानगी, नमस्कार, सांगितल्यावर बसणं. पॅनेलमध्ये महिला असतील तर त्यांनाही तितक्याच नजरेने उत्तर द्या. सगळं उत्तर अध्यक्षांकडे बघून देण्याची सवय बऱ्याच मुलांना असते.

मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी राहते. कॉलेजच्या भांडणातला जुना गुन्हा, आंदोलनातली केस, निर्दोष सुटलेला खटला, जे असेल ते पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात लिहा आणि निकालाची प्रत जोडा. असलेली केस लपवली आणि ती पडताळणीत निघाली, तर माहिती दडवली एवढ्याच कारणावरून निवड रद्द होऊ शकते. केस किरकोळ आहे असं वाटत असलं तरी ठाण्यातून किंवा कोर्टातून तिची आजची स्थिती लेखी काढून आणा. ही कागदं मिळायला वेळ लागतो, म्हणून मुलाखतीची तारीख येण्याची वाट न बघता अर्ज आजच टाका.